तेलाचा क्रूस

मी मायक्रोस्कोप आहे. गावातल्या ज्येष्ठ, प्रार्थनाशील, सफेद कपड्यांतल्या चार माणसांनी माझा डोळा फोडला. दगडानं नाही, तेलानं. आणि वर 'आमेन' म्हटलं. म्हणून आज बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म अंबाल्याचा. काळं पितळी अंग, खाली उजेड पकडणारा आरसा, वर डोळा लावायची नळी, मध्ये फिरत्या चकतीवर तीन भिंगं. लाकडी पेटीतून मी सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात आलो आणि नाथाजींच्या हाती पडलो. नाथाजी तिथले लॅबवाले. ख्रिस्ती माणूस. धोतर पांढरं, बोटं मात्र रंगांनी कायम तांबडी-निळी.

त्यांची एक रीत होती. काच माझ्यासमोर ठेवली की ते मान वाकवायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "बापा, जे हाय ते दिसू दे." मग तशीच वाकलेली मान ठेवून डोळे उघडायचे नि माझ्यात बघायचे. प्रार्थनेला आणि तपासणीला त्यांची मान एकदाच वाकायची. आणि नीट ऐका, 'जे पायजे ते दिसू दे' असं ते कधी म्हणाले नाहीत.

एकदा काच आली ती त्यांच्या बायकोच्या थुंकीची. हरणाबाई तेव्हा विशीतली, दोन महिने खोकत होती. नाथाजींची प्रार्थना त्या दिवशी लांबली. मोठ्या भिंगाखाली देवदाराच्या तेलाचा थेंब सोडला, कारण त्या एका भिंगाला तेलाशिवाय दिसत नाही. बघितलं. निळ्यावर तांबड्या काड्याच काड्या. क्षयाचे जंतू. माणूस हुंदके देत होता, पण कागदावर लिहिलं 'पॉझिटिव्ह'. इंजेक्शनं सुरू झाली. हरणाबाई वाचली. पुढं तिला मुलगा झाला, लालासाहेब.

हे नाव लक्षात ठेवा.

नाथाजी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यात दिव्याचा नवा मायक्रोस्कोप आला होता. डॉक्टरांनी मला त्यांच्याबरोबर घरी धाडलं, इस्लामपूरजवळच्या खेड्यात. तिथं चर्चच्या संडे स्कूलमध्ये खिडकीजवळ माझी जागा ठरली. विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि पोरांना रांगेनं बघायला लावायचं. आत वळवळणारे जीव बघून पोरं किंचाळायची. नाथाजी सांगायचे, "ह्ये समदं बापानं केलं, ह्ये मी सांगतो. कसं केलं, त्ये बघायला त्यानंच डोकं दिलंय. डोकं परत देताना कोरं देऊ नगा."

ते गेले. वर्ग नातीकडं आला. प्रियदर्शनी, लालासाहेबांची मुलगी, सातारला बी.एस्सी. करते, रविवारी एसटीनं येते. मला पुसून खिडकीत ठेवते आणि आजोबांचं ते पुटपुटणंही करते.

कॉलेजच्या लॅबमध्येही ती तसंच करताना तिच्या सरांनी पाहिलं आणि भर वर्गात म्हणाले, "देव दिसला की मलाही हाक मार." सगळे हसले. त्या सरांचाही मला संताप आहे. थुंकीत जंतू शोधायच्या यंत्रात देव सापडला नाही म्हणून देव नाही, हा कुठला हिशेब? पण सर निदान भिंगात बघतात तरी. आमच्या चर्चच्या पंचांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

झालं असं. संडे स्कूलमध्ये बायबलातल्या सृष्टीच्या सहा दिवसांचा पाठ चालला होता. एका चिमुरडीनं विचारलं, "ताई, सहा दिवस म्हंजी सोमवार ते शनवार का?"

प्रियदर्शनी म्हणाली, "सूर्य कितव्या दिवशी आला?"

"चौथ्या!"

"मग पहिले तीन दिवस कुणाच्या घड्याळात मोजले?"

पोरं हसली. ती म्हणाली, "देवाचा दिवस आपल्या कॅलेंडरात बसंल असं कुणी सांगितलं? पृथ्वीला कोट्यवधी वर्षं लागली. त्यानं घाई केली न्हाई, एवढंच."

दुपारपर्यंत गावभर झालं, सुभेदाराची पोरगी देवाला खोटं पाडते.

सुभेदार म्हणजे लालासाहेब. लष्करातून निवृत्त, आता चर्चचे पंच. आयुष्यभर दुर्बिणीतून सीमेपलीकडचं बघितलं, पण घरातल्या भिंगाला कधी डोळा लावला नाही. बापानं चार वेळा बोलावलं होतं. "नंतर बघतो" म्हणाले. नंतर मोबाइलवर ओरडणारे धर्मप्रचारक बघत बसले.

पंच जमले. पोरीला कुणी पाठवलं कॉलेजला, पोरगी बिघडली कशानं, आणि शेवटी बोट माझ्याकडं. ह्या यंत्रात काहीतरी हाय. मधल्या बुधवारी, ती सातारला असताना, चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना केलेल्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन संडे स्कूलमध्ये आले. चौघांनी माझ्यावर हात ठेवले. अंगठा तेलात बुडवला आणि माझ्या डोळ्यावर क्रूस काढला. मग चकती फिरवून तिन्ही भिंगांवर, एकेक करून, क्रूस. उरलेलं तेल वरून ओतलं. लालासाहेबांनी मला घट्ट धरलं होतं, जणू मी पळून जाणार होतो.

तेलाशी माझं वैर नाही हो! तेलाच्या थेंबातूनच मी ह्याच लालासाहेबांच्या आईचा रोग दाखवला होता. कुठलं तेल, कुठल्या भिंगाला, हे शिकावं लागतं. शिकायचंच नाही म्हटल्यावर आशीर्वाद देतानाही माणूस डोळे फोडतो.

प्रियदर्शनीला निरोप गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटण्याआधी, मंडळीसमोर उभं राहून म्हणायचं, 'मी मुलांना खोटं शिकवलं.' नाहीतर भाकर नाही. तुम्हाला भाकरीचा तो तुकडा क्षुल्लक वाटेल. ज्या मुलीनं वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो हातात घेताना डोळे पुसलेत, तिला विचारा.

आली. संडे स्कूलमधून मला काखोटीला मारूनच चर्चमध्ये आली आणि खिडकीत ठेवलं.

"चुकले असं म्हणून टाक," लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "माझी मान खाली घालू नगंस."

"पप्पा, मान खाली घातल्याबिगर ह्यातनं दिसतच न्हाई." मग ती मंडळीकडं वळली. "देवानं जग केलं, असं मी मानते. मरेपर्यंत मानीन. म्हणूनच त्याच्या जगाविषयी मला खोटं बोलता येणार न्हाई. ज्यानं कुणी ह्यात एकदा डोळा लावलाय, त्यानं मला चूक म्हणावं. कोण येतंय?"

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. मागच्या बाकावरून काठी वाजली. हरणाबाई. शहात्तर वर्षांची. खिडकीशी आली, वाकली, माझ्या नळीला डोळा लावला.

"धुकं दिसतंय नुसतं."

"म्हातारे, तुझा डोळाच गेलाय," एक पंच म्हणाला.

"माझ्या डोळ्याचं आपरेशन झालंय मर्दा. हाताला बग काय लागतंय." तिनं तेलकट बोट सगळ्यांना दाखवलं, मग लेकाला. "लाला, ह्यानं माझा जीव वाचीवला, तवा तू जल्माला आलास. तुजा बाप रडत बघत हुता, पण बघत हुता. आन् तुमी ह्याला आंधळा केलासा व्हय रं?"

प्रार्थना झाली. भाकरीचं ताट फिरलं. ताट धरलेले हात लालासाहेबांचे. बाकाबाकापाशी थांबत ते आले आणि स्वतःच्या मुलीसमोरून, छाती पुढं काढून, निघून गेले. हरणाबाईनं आपला तुकडा मोडला. अर्धा नातीच्या तळहातावर ठेवला.

"खा. बापाचं हाय. पंचाचं न्हाई."

आता मी सातारला तिच्या हॉस्टेलच्या खिडकीत असतो. दोन भिंगं तिनं मऊ कागदानं पुसपुसून स्वच्छ केली. तिसऱ्याच्या, त्या मोठ्या भिंगाच्या, आत तेल शिरलंय. त्यातून काहीही बघा, मध्ये मळकट क्रूस दिसतो. त्या भल्या माणसांनी आपल्या प्रभूची ही खूण ठेवली. गावात संडे स्कूलची खिडकी रिकामी आहे आणि पोरांना सोमवार ते शनिवार पाठ झालेत.

दर पहिल्या रविवारी ती जाते. ताट तिला ओलांडून जातं, आजीचा अर्धा तुकडा येतो. गेल्या खेपेला, ती सांगत होती, ताट तिच्यासमोर क्षणभर थांबलं. मग पुढं गेलं.

लालासाहेब, थांबलात ना? थांबून भागत नाही. तुमच्या रडण्याचं किंवा माफीचं मला काही करायचं नाही. ह्या खिडकीत ऊन चांगलं येतं. तुमच्या बापानं पाचव्यांदा बोलावलंय असं समजा. या आणि वाका.