बपेऱ्याच्या घाटावरची लोखंडी नाव

डोमा चिखल्याच्या खाणीत वेल्डर होता. बपेरा ही त्याची सासुरवाडी. तिथल्या नदीघाटाचे ठेकेदार पुंडलिकराव यांनी मुंबईच्या भंगारातून एक लोखंडी नाव आणवली. कित्येक वर्षं समुद्रात माल वाहिलेली. ट्रकवर मावेना म्हणून दोन तुकडे करून आली. १९८२च्या दिवाळीआधी डोमाने सुटी काढून ते तुकडे घाटावरच सांधले. सांध्यावर रॉकेल लावून पाहिलं, कुठे पाझरलं नाही. बाकी नावेवर डांबराचा जाड थर होता, त्याकडे कुणी पाहिलंच नाही.

पहिल्या खेपेला बाजारचे वीसेक लोक बसले. डोमा आणि त्याची बायको वच्छलाही बसले. वल्ह्यावर भैय्यालाल ढिवर होता.

ऐन धारेत वच्छला म्हणाली, "अजी, पायाखाली पाणी येऊन राहिलं."

"वल्ह्याचं उडालं असंल," डोमा म्हणाला, पण उठून आधी आपल्या सांध्यापाशी गेला. सांधा कोरडा होता.

पाणी मागून येत होतं, नाव बांधतानाच कारखान्यात घातलेल्या जुन्या सांध्यातून. डोमाने तिथल्या डांबरावर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला. बाहेरच्या गार धारेला लागला. त्याने हात मागे ओढला तसा पाण्याचा फवारा थेट छातीवर आला. वेल्डिंगची फुगीर रेघ शाबूत होती. तिला लागून असलेला पत्रा मात्र गंजाने पार खाल्ला होता, वीतभर, हातभर, दिसेल तिथवर.

तो नुसता पाहत राहिला.

"डोमाभाऊ, पाठ लावा त्याले," भैय्यालाल ओरडला. "बाकीचे पुढं सरका. उभं नोका राहू कोणी."

डोमाने भोकात सदरा कोंबला आणि पाठ लावून बसला. वच्छलाने लुगड्याचा पदर फाडून दिला. पाणी पोटरीला लागलं तेव्हा भैय्यालालने नाव वाळूच्या बेटावर घातली. लोक कमरेभर पाण्यातून उतरले. म्हाताऱ्या शकुनबाईला दोघांनी उचललं. सगळे वाचले.

दुसऱ्या दिवशी नाव काठाला ओढली. डोमाने पुंडलिकरावांसमोर प्रत्येक जुन्या सांध्यावर हातोडी मारली. डांबर पडत गेलं आणि पलीकडची नदी दिसत गेली. पुंडलिकराव चिखलात तसेच खाली बसले.

"बाहेरून तं नवीकोरी दिसे," ते म्हणाले.

"खारं पाणी मुरलं होतं तिच्यात," डोमा म्हणाला. "आपल्या नदीचा जंग म्या पाह्यला, पण हा असा नाई."

"सोमवारी तीच शाळेच्या पोरांले घेऊन जाणार होती."

डोमाने हातोडी खाली ठेवली. जरा वेळाने त्याने गॅस कटर पेटवला आणि पुंडलिकरावांकडे पाहिलं.

"तोड," पुंडलिकराव म्हणाले. "सारी तोड."