विटकोम साहेबाचं मोहाचं झाड

एकोणीसशे पंचावन्न साली सावरटोल्यात एका इंग्रज प्रोफेसराच्या मालकीचं मोहाचं झाड होतं, हे आज सांगितलं तर नवी पोरं हसतात. हसू द्या. त्या प्रोफेसराने सावरटोला पाहिला नव्हता, मोह पाहिला नव्हता, आणि आपण झाडाचे मालक झालो हे त्याला मालक झाल्यावर महिनाभराने कळलं. तरी झाड त्याचंच होतं. ते त्याच्या नावावर केलं वच्छलाने, आणि तेही एका वाक्यापायी.

वच्छला ही बापूजी मास्तरांची लेक. सावरटोला चिमूरपासून तीन कोस आत, जंगलाच्या पोटात. शाळा चौथीपर्यंत, चारही वर्ग एकाच खोलीत, आणि पावसात त्या खोलीत बकऱ्यांचाही पाचवा वर्ग भरायचा. तिथून ही पोरगी चिमूर, वरोरा करत नागपूरला पोचली आणि अर्थशास्त्रात एम. ए. झाली. वाचनाची लागण अशी की परीक्षेला जाताना तिने वरोऱ्याला गाडीत पुस्तक उघडलं. वर्ध्याला गाडी बदलायची होती, ते राहिलं. बडनेरा गेलं, अकोला गेलं, आणि भुसावळला तिकीट तपासणाऱ्याने तिच्या हातातलं पुस्तक मिटलं तेव्हा तिला कळलं. तरी ती परतून वेळेवर पेपरला बसली म्हणतात. कशी बसली, ते विचारू नये.

तिने ठरवलं होतं की पुढचं अर्थशास्त्र शिकायचं ते इंग्लंडातल्या विद्यापीठात. शिष्यवृत्तीची जागा एक, अर्ज ढीगभर. अर्जासोबत निबंध मागितला होता. बाकीच्यांनी पुस्तकांतून निबंध काढले. वच्छलाने डोळ्यांदेखतचं लिहिलं. फाल्गुन लागला की सावरटोल्याच्या बाया झाडू घेऊन रानात जातात. ज्या बाईने ज्या मोहाचा बुंधा झाडला, पालापाचोळा जाळला आणि भोवती राखेची रेघ ओढली, त्या सालची त्या झाडाची फुलं तिची. कागद नाही, कुंपण नाही, राखण नाही. आणि शेवटी तिने एक ठाम वाक्य लिहिलं: ‘आमच्या गावात दुसऱ्याच्या झाडाखालच्या फुलाला कोणीही हात लावत नाही.’

होळीच्या दुसऱ्या दिवशी विलायतेचं पत्र आलं. प्रोफेसर विटकोम नावाच्या साहेबाने लिहिलं होतं की निबंध वाचायला गोड आहे, परीकथा असते तितका गोड. मालावर राखण नसली की माल उचलला जातो, हे जगभर दिसतं. मालक समोर असताना शेजारी लाजेने हात आवरत असतील; मालक कधीच येणार नसेल तर? तुम्ही हे पाहिलं आहे, की ऐकलं आहे? पाहिलं असेल तर कसं पाहिलं ते लिहा. नसेल तर ते वाक्य काढून निबंध पुन्हा पाठवा. एप्रिल संपायच्या आत उत्तर पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

बापूजींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

“काढून टाक ना ते वाक्य,” ते म्हणाले. “एका वाक्यानं काय होते?”

“खोटं असतं त काढलं असतं, बाबा. खरं हाय. काऊन काढू?”

“मंग तू पाह्यलं हाय का, मालकच नाई असं झाड?”

वच्छलाने ते पाहिलं नव्हतं. सावरटोल्यात प्रत्येक झाडाला मालकीण होती आणि प्रत्येक मालकीण पहाटे टोपली घेऊन हजर होती. पोरीने भाकर खाल्ली, हात धुतला, आणि ती कोपऱ्यातला झाडू घेऊन निघाली.

चिमूरच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या नजरेसमोर, एक दांडगा मोह होता. बुधूची बायको तो झाडायची. त्या साली दोघं लेकीकडे सिंदेवाहीला कायमची राहायला गेली होती, म्हणून झाड मोकळं होतं. फुलं इतकी टपोरी की एक फूल डोक्यात पडलं तर माणूस वर पाहून शिवी देई. त्या झाडावर अख्ख्या गावाचा डोळा होता, आणि सगळ्यांत मोठा डोळा वच्छलाच्या आईचा, रुखमाबाईचा. वच्छलाने बुंधा झाडला, पाला जाळला, राखेची रेघ ओढली. तेवढ्यात रुखमाबाई पोचली.

“बरं झालं व पोरी! मीच येऊन राह्यली होती. आपलं झालं ना झाड?”

“आपलं नाई, माय. विटकोम साहेबाचं.”

“कोणाचं?”

“विलायतेत राह्यते. त्याच्या नावानं झाडलं.”

रुखमाबाईने कमरेवर हात ठेवले. “तो येणार हाय का येचायले?”

“नाई.”

“मंग त्याची बायको?”

“नाई.”

“आणि फुलं?”

“पडतीन तशी पडू द्याची.”

रुखमाबाईने त्या रात्री लेकीचं ताट वाढलं, पण आदळून वाढलं.

गावात बातमी पसरायला चुलीवरचं दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ लागला. झाड साहेबाचं, साहेब विलायतेत, एवढंच वच्छलाने सगळ्यांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ही परीक्षा आहे हे कळलं असतं तर अख्खं गाव पहिल्या बाकावर बसल्यासारखं शहाणं वागलं असतं. सात दिवस पाहायचं, रोज लिहायचं, असं तिने ठरवलं. पहाटे ती समोरच्या वारुळाआड वही घेऊन बसे.

पहिल्या दिवशी फुलांनी जमीन पिवळी झाली. बाया बाजूने गेल्या. दुसऱ्या दिवशी कालच्या फुलांवर आजची पडली. बाया पदर नाकाला लावून, मान दुसरीकडे करून गेल्या, जसं कोणाच्या न्हाणीवरून जाताना जातात. तिसऱ्या पहाटे अस्वल आलं. राखेच्या रेघेपाशी थांबलं, हुंगलं, आणि मुकाट आपल्या नेहमीच्या झाडाकडे वळलं. वच्छलाने ते वहीत लिहिलं, मग खोडलं. ज्या साहेबाचा माणसांवर विश्वास नाही, त्याचा अस्वलावर कुठून बसणार? चौथ्या दिवशी फुलांचा घोटाभर थर झाला, खालची आंबू लागली, आणि वासाने वाटेवरचे बैल पावलं तिरकी टाकू लागले. शेजारची म्हातारी सुकरी रेघेबाहेर उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, चकचक केलं आणि गेली. वच्छलाने लिहिलं: ‘दिवस चौथा. एकाही फुलाला हात नाही.’ अजून तीन दिवस.

पाचव्या पहाटे ती आली तर झाडाखाली एक फूल नव्हतं.

जमीन तळहातासारखी साफ. नुकतं पडलेलं एक फूल तिच्या पायाशी येऊन टपकलं, तेवढंच. राखेच्या रेघेच्या आत पावलंच पावलं. एकाची नाहीत, दहाबारा बायांची.

ती वारुळावरच बसली. विलायतेतला माणूस बरोबर होता, आणि आपण जिथे जन्मलो ते गाव आपल्याला माहीत नव्हतं. जागा गेली याहून हे जास्त झोंबत होतं.

घरी बापूजींनी ऐकलं आणि मास्तरकीचा सगळा अनुभव लावून तोडगा काढला. “चार दिवस त खरे हायेत ना? चारच लिव. त्यात खोटं काय?”

“पाचवा दिवस मले माहीत हाय, बाबा.”

“साहेबाले कुठी माहीत हाय?”

“मले माहीत हाय,” ती पुन्हा म्हणाली आणि उठली. “कोणं येचली ते विचारतो. जे निघन ते लिवतो. जागा गेली त गेली.”

विचारायला फार लांब जावं लागलं नाही. सुकरीच्या अंगणात नवी चटई अंथरलेली होती, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि चटईभर मोहफुलं वाळत पडलेली. बाजूला सुकरीची स्वतःची फुलं जुन्या चटईवर. दोन्हींच्या मधे हातभर जागा सोडलेली.

“सुकरीबाई, साहेबाची फुलं तुम्ही येचली?”

“हो,” सुकरी म्हणाली, जसं काही आज उजाडलं का असं विचारलं. “मी येचली, अन्नपूर्णानं येचली, टोल्यावरच्या साऱ्याइनं येचली. तुह्या मायनं त तीन टोपल्या आणल्या. खालची सडकी फेकली.”

“माय पण?”

“तिच्याच जिवाले जास्त लागलं होतं.”

“पण फुलं त साहेबाची हायेत ना!”

“मंग?” सुकरी आता खरीच चिडली. “त्याची हायेत म्हणूनच येचली. ही पाहाय त्याची चटई. चार दिवस आम्ही वाट पाह्यली, का तू येचशीन, तूच त झाड झाडलं. तू त वारुळामागं बसून कागद खरडून राह्यली होती. साऱ्याइले दिसत होती.”

वच्छलाने हातातली वही पदराखाली घेतली.

सुकरी जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “लय बिमार हाय का व तो साहेब? का त्याची बायको बाळंत हाय?”

“काऊन?”

“नाई त मोहाच्या दिवसांत कोणी गाव सोडून राह्यते का? बुधूचा पाय मोडला त्या साली त्याची आम्हीच येचली. तुही माय तुह्या वेळी बाळंत झाली ते बी मोहाचेच दिवस. बारा दिवस आमच्या टोपल्याइनं तुमची फुलं घरी आली. तुले नाई माहीत?”

नव्हतं माहीत. ते कोणी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. वच्छला त्या नव्या चटईपाशी उकिडवी बसली. मग हसू लागली. आणि मग डोळे पुसून तिथेच, सुकरीच्या अंगणात, दगडावर वही टेकवून लिहायला बसली.

तिने लिहिलं: ‘माझं वाक्य चुकीचं होतं, ते मी काढत आहे. दुसऱ्याच्या फुलांना इथे हात लागतो. मालक सलग चार दिवस आला नाही तर गाव त्याला आजारी किंवा बाळंतीण समजतं, त्याची फुलं वेचतं आणि त्याच्या नावाच्या चटईवर वाळवतं. मी एक झाड आपल्या नावाने झाडून सात दिवस पाहायचं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी माझा प्रयोग गावाने मोडला. आपला माल वेगळ्या टपालाने पाठवत आहे. तब्येतीला जपावं, असा सुकरीबाईंचा आणि गावाचा निरोप आहे.’

खरं तर मालाचं ते वाक्य मागाहून घातलेलं, आधी माल पाठवायचं तिच्या मनात नव्हतं. पण बायांनी ऐकलं नाही. ज्याची फुलं त्याच्या घरी गेली पाहिजेत. घर समुद्रापलीकडे असलं म्हणून काय झालं? चिमूरच्या बाजारात नूर मोहम्मद मोह, हिरडा, चारोळी घ्यायचा. वच्छला आणि रुखमाबाई टोपली घेऊन त्याच्या दुकानी गेल्या.

“तीस साल झाले मी हा माल घेऊन राह्यलो, बेटी,” तो दाढी खाजवत म्हणाला. “विलायतेले मोह पाठवणारी तू पहिली. तिथी हा खाणार कोण?”

“ते साहेब पाह्यन, भाऊ. तुम्ही फक्त असा बांधा का वास बाहेर नाई आला पाह्यजे.”

“वास?” नूर मोहम्मद हसला. “मोहाचा वास बांधणारा अजून पैदा व्हायचा हाय.” तरी त्याने सागाची पानं लावली, गोणपाटाचं टाट शिवलं, वर मेणकापड शिवलं, आणि पुन्हा टाट शिवलं. चिमूरच्या टपालबाबूने बोचकं हुंगलं, वच्छलाकडे पाहिलं, रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाईची नजर पाहून शिक्का मारला.

पत्र विमानाने गेलं, बोचकं बोटीने. एप्रिल संपला. मे तापला, पळस झडला, तलाव तळाला गेला. उत्तर नाही. बापूजी म्हणाले, नागपूरला शिक्षिकेची नोकरी पाहू. वच्छला म्हणाली, पाहा. पण मी पुढच्या साली पुन्हा अर्ज करीन, आणि त्याच्या पुढच्या सालीही. आणि तिने रोज सकाळी इंग्रजी पुस्तकाची वीस पानं वाचणं एक दिवस चुकवलं नाही.

जूनमध्ये, नांगर जुंपायच्या दिवशी, पत्र आलं. साहेबाने लिहिलं होतं की तिचं पत्र वेळेत पोचलं होतं, पण निवड समितीचं भांडण महिनाभर मिटलं नाही. तेवढ्यात बोचकं आलं. ते समितीच्या बैठकीतच उघडलं, आणि वास पुढचे आठ दिवस तिसऱ्या मजल्यावरून हलला नाही. त्या आठ दिवसांत समितीला दुसऱ्या कशावर बोलताच आलं नाही. पुढे अकरा प्रश्न होते. आजारी माणूस बरा झाला की वेचणाऱ्यांना काय देतो? दोन गावांच्या मधलं झाड असेल तर? असे. आणि खाली: ‘या प्रश्नांची उत्तरं टपालाने पाठवू नयेत. सप्टेंबरअखेर स्वतः घेऊन यावं. जागा आपली आहे. सुकरीबाईंना कळवावं, मी आजारी नाही.’

सुकरीचा यावर विश्वास बसला नाही. “बिमार माणूस असंच म्हणते,” ती म्हणाली.

वच्छला नागपूरमार्गे विलायतेला निघाली त्या दिवशी गाव वेशीपर्यंत आलं. रुखमाबाईने एका दिवसात बांधलेल्या नऊ गाठोड्यांतली सात वच्छलाने परत उतरवली. बैलगाडी जुंपली तशी सुकरी पुढे झाली.

“पुढच्या मोहाले तू इथी नाई. तुह्या नावानं कोणतं झाड झाडू?”

वच्छलाने चिमूरच्या वाटेकडे पाहिलं. “तेच. रस्त्यावरचं.”

“ते नाई जमत,” सुकरी म्हणाली.

“काऊन?”

“ते साहेबाचं हाय. तो बरा होईवर आम्ही त्याच्याच नावानं झाडणार. त्यानं सोडलं का झाड?”

“नाई सोडलं,” वच्छला म्हणाली.

“मंग जाऊन विचार त्याले. सोडत असन त तसं सांग. तोवर तुह्यासाठी नाल्यावरचं झाडतो, ते बी बरं हाय.”

वच्छलाने गाडीतच वही काढली. साहेबाच्या अकरा प्रश्नांखाली तिने बारावा लिहिला, आणि तो साहेबासाठी होता. गाडी हलली, आणि वच्छला वहीतून मान वर न काढता वरोऱ्याच्या वाटेला लागली. वर्ध्याला उतरायची आठवण ठेव, असं बापूजी मागून तीनदा ओरडले.