बक्कल लागेपर्यंत

आपलं शिकवण्याचं तत्त्वज्ञान काय आहे, हे बालवाडीच्या बाईंना मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं. मंगळवारी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष येणार, कायम जागा एकच, उमेदवार दोन, तेव्हा दोघींनी आपापलं तत्त्वज्ञान पाच मिनिटांत सांगायचं. जिचं पटेल ती राहील, दुसरी घरी जाईल.

"तत्त्वज्ञान म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही जे करता ते का करता, ते. पण जरा बरं दिसेल असं सांगा. करता तसंच्या तसं सांगू नका, हात जोडते तुम्हाला."

मोठ्या बाईंचंही काही चुकत नव्हतं म्हणा. बाईंचा नियम एकच होता आणि त्या एका नियमाने सगळ्या शाळेच्या नाकी नऊ आणले होते. पोराने एखादी गोष्ट आपणहून करायला घेतली, की ती होईपर्यंत मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. मग डब्याचं झाकण असो नाहीतर चड्डीचं बटण. शेजारच्या वर्गातली पोरं अंगणात मनसोक्त खेळून घामाघूम परत यायची, तेव्हा बाईंची पोरं दाराशी बसून दुसऱ्या पायातला मोजा ओढत असायची. बरं, शाळेतलं शाळेत राहावं ना! एकाचे वडील तणतणत आले होते. चिरंजीव जाकिटाची चेन स्वतःच लावणार म्हणून जिन्यात ठाण मांडून बसले, वडिलांची बस चुकली आणि साहेबांनी त्यांना चारचौघांत झापलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण चेन लागली का?" तेव्हापासून ते गृहस्थ बाई दिसल्या की रस्ता ओलांडतात.

घरी नवऱ्याने तत्त्वज्ञानाची जबाबदारी अंगावर घेतली. त्याचा तत्त्वज्ञानाशी संबंध नव्हता, पण ऑफिसातल्या निरोप समारंभांत तो भाषणं करत असे.

"'सर्वांगीण विकास' दोनदा तरी यायला हवं," तो म्हणाला. "आणि शेवटी 'उद्याचे नागरिक'. ते आलं की टाळ्या पडतात."

"तिथे दोघंच असणार आहेत."

"मग दोघं वाजवतील."

वाळत घातलेले कपडे काढता काढता बाईंनी भाषण घोकलं. नाही जमलं तर काय, तेही ठरलेलंच होतं. मोठ्या दिरांचं फरशांचं दुकान होतं आणि भाऊजींनी बाईंसाठी गल्ल्यामागे एक स्टूल आणून ठेवलं होतं. प्रेमाने ठेवलं होतं, त्यामुळे रागावताही येईना. बाईंचं फरशांशी काही वाकडं नव्हतं. पण त्यांना ही पोरं हवी होती, शेंबडासकट, उलट्या घातलेल्या बाह्यांसकट. उद्यापासून ती दिसणार नाहीत या नुसत्या विचाराने त्या भाषण पुन्हा पहिल्यापासून घोकायला घ्यायच्या.

शुक्रवारी शाळेच्या ऑफिसात रंगकाम निघालं, म्हणून मुलाखत वर्गातच घ्यायचं ठरलं. मदतनीस मावशी पोरांना अंगणात घेऊन गेल्या. अध्यक्ष आले. त्यांची लाकडाची वखार होती आणि माणूस देहानेही वखारीला शोभेल असाच होता. पोरांच्या खुर्चीत मावणं शक्यच नव्हतं, म्हणून ते टेबलावर टेकले. मोठ्या बाई शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या उमेदवार बाई हातात बोलक्या बाहुल्या घालून बाहेरच्या बाकावर तयार बसल्या होत्या.

"हं, करा सुरू," अध्यक्ष म्हणाले.

"बालकाचा सर्वांगीण विकास," बाईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या.

कपाटापाशी कोपऱ्यात ठकी बसली होती. वय साडेतीन. पायात कोरे करकरीत बूट, पट्ट्याचे, बकलाचे. असे बूट तिने जन्मात घातले नव्हते. पट्टा बकलात शिरायचा आणि ओढला की सुटून यायचा. ठकीची जीभ बाहेर आली होती. मावशींनी हाक मारली असणार, पण ती तिच्या कानापर्यंत पोचली नव्हती.

"विकास," अध्यक्षांनी आठवण करून दिली.

"हो. विकास," बाई म्हणाल्या. पण लक्ष बकलात, तोंडात शब्द कुठून येणार?

अध्यक्ष मनाने चांगले होते. ते उठले, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले, "आण गं इकडे," म्हणाले आणि चुटकीसरशी पट्टा लावून दिला. ठकीने आधी बुटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग तिने तो पट्टा सोडला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"अरेच्चा!" अध्यक्ष म्हणाले.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लावून द्या ना तिला आणि बोला! वेळ चाललाय तुमचा."

खरंच चालला होता. एका बोटाचं काम होतं. बाईंचा हात पुढे गेलाही. स्टूल डोळ्यांसमोर आलं, टाळ्यांची खात्री देणारा नवरा आला. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून धरला.

"ती करतेय," त्या म्हणाल्या.

पट्टा लागला. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. ठकीने दुसरा पाय पुढे घेतला.

"अजून दुसरा?"

"पाय दोन आहेत," बाई म्हणाल्या.

दुसराही लागला. ठकी उठली, कोणाकडेही न बघता दाराबाहेर पळाली. अध्यक्ष तिच्या पायांकडे बघतच राहिले.

"अहो, डावा उजव्यात घातलाय तिने!"

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"चावतील की आता. कळेल तिला."

अध्यक्ष खिडकीशी गेले. ठकी घसरगुंडीपर्यंत धावली, थबकली, पायांकडे टक लावून बघत राहिली. मग तिने भर अंगणात बसकण मारली आणि बक्कल सोडायला घेतलं. "अगं बाई, काय झालं माझ्या सोन्याला!" म्हणत मावशी धावल्या.

अध्यक्षांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि वखारीत ट्रकवाल्यांवर काढतात तो आवाज काढला. "ओ मावशी! हात नाही लावायचा!"

मावशी जागच्या जागी थिजल्या. अंगणातली झाडून सगळी पोरं गप्प झाली. ठकीने तेवढी मान वर केली नाही.

"साहेब," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "यांची पाच मिनिटं संपली. भाषण राहिलंच. त्या दुसऱ्या बाहेर खोळंबल्यात."

"बोलवतो त्यांना. त्यांचंही ऐकून घेऊ, वाईट नको वाटायला." मग बाहेरची नजर न हलवता त्यांनी बाईंना विचारलं, "आई-बाप भांडायला येत असतील?"

"येतात."

"पुढच्या वर्षी आले की माझ्याकडे पाठवा."

बाईंना त्यातलं 'पुढच्या वर्षी' तेवढं ऐकू आलं. त्यांना रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, दोघांच्या देखत त्या रडू लागल्या आणि थांबता थांबेनात. मोठ्या बाई रुमाल काढून त्यांचे डोळे पुसायला पुढे झाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, रुमाल त्यांनी नुसता बाईंच्या हातात दिला आणि बाजूला उभ्या राहिल्या.