इथिओपियाला निघालेला कोट

मी एक जुना गरम कोट आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हल्ली मला सगळे चुंबळ म्हणतात. डोक्यावर खडीचं घमेलं घेताना खाली कापड गुंडाळून ठेवतात ना, ती चुंबळ. पण मित्रांनो, माझा जन्म त्यासाठी झाला नव्हता. माझा जन्म इथिओपियाला जाण्यासाठी झाला होता.

भिंगारच्या बाजारात गहिनीनाथ शिंप्यांनी मला शिवलं. त्यांचं सगळं आयुष्य लष्कराचे कपडे शिवण्यात गेलेलं. सुमंत सर माप द्यायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"आफ्रिकेत. इथिओपियाला. इंग्रजी शिकवायला."

"आणि गरम कोट?"

"उंचावर आहे तो मुलूख. थंडी असते."

"तुम्ही भूगोल शिकवत नाही ते बरंय," गहिनीनाथ म्हणाले आणि त्यांनी माप घेतलं. खांद्यांवर लष्करी पट्ट्याही लावल्या. त्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. मला घालून सर निघाले, तर छावणीच्या फाटकावर एका जवानानं सलाम ठोकला. सरांनी घाबरून उलट सलाम केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस. तो पहिलाच दिवस होता, एवढंच वाईट झालं.

सुमंत सर राहुरीजवळच्या एका गावात हायस्कुलात इंग्रजी शिकवत. ते वर्गाला इंग्रजीत प्रश्न विचारत आणि वर्ग मराठीत उत्तर देई. वर्ग जागा असला तर.

"एवढ्या लांब कशाला जायचं?" त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी एकदा विचारलं.

"तिथल्या पोरांना मराठी येत नाही, विजया. नाइलाजानं का होईना, ती माझ्याशी इंग्रजीत बोलतील."

त्यांना बाकी काही नको होतं. कुणीतरी एकदा इंग्रजीत उत्तर द्यावं, बस्स.

बहात्तर सालच्या श्रावणात नेमणुकीचं पत्र आलं. एक सप्टेंबरला दिल्लीत हजर व्हा, सध्याच्या शाळेचा नोकरी सोडल्याचा दाखला आणा, उशीर झाल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल. दाखला लिहून तयार होता. त्यावर सहीशिक्काही झाला होता. फक्त तो शाळा समितीचे अध्यक्ष सूर्यभान पाटील यांच्या खिशात होता.

"असा नुसता हातात कसा द्यायचा?" पाटील म्हणाले. "गावातला पयला मानूस विलायतेला चाललाय. सत्कार नको? मोठा पाहुना बोलावला हाय. त्येच्या हातनं शाल, नारळ अन् दाखला."

"विलायत नाही पाटील, इथिओपिया."

"तेच ते. पानी वलांडलं की विलायत."

मांडव उभा राहिला. पाहुणे आले नाहीत. ते दुष्काळाच्या पाहणीला गेले होते, आणि दुष्काळ सगळीकडेच असल्यामुळे ते नेमके कुठं असतील ते कुणालाच सांगता येईना. रोज दुपारी 'आज येत्यात' असा निरोप यायचा. रोज सर मला घालून मांडवात बसायचे. ऊन असं की माझं अस्तर त्यांच्या पाठीला चिकटायचं. मी थंडीसाठी शिवलेला होतो. मी तरी काय करणार?

"पाटील, गाडी चुकेल हो."

"आवं मास्तर, गाडी काय, रोज हाय. सत्कार एकदाच हुतो."

घरी विजयाबाई म्हणाल्या, "त्यांच्या खिशातनं दाखला काढून घ्या आणि पळा."

"पाटलांच्या खिशात हात घालू?" सर हादरलेच.

"खांदे बघा तुमच्या कोटाचे. आणि बोलता काय!"

सर दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडवात जाऊन बसले. पट्ट्या माझ्या होत्या, खांदे त्यांचेच होते.

एकतीस ऑगस्टच्या संध्याकाळी पाहुणे आले. इंग्रजीचं महत्त्व या विषयावर ते मराठीत बोलले आणि फार वेळ बोलले. मग शाल, मग नारळ आणि सगळ्यात शेवटी दाखला. हार गळ्यात तसाच ठेवून सर स्टेशनाकडे धावले. राहुरीहून मनमाड, मनमाडहून दिल्ली. हार माझ्यावरच वाळला.

दिल्लीत एका गोऱ्यागोमट्या साहेबांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय सुरेख इंग्रजीत सांगितलं की जागा भरली आहे. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी इंग्रजीत उत्तर दिलं होतं.

ते परत आले, तर गावातली जागाही भरली होती. पाटलांचा भाचा गोरक्ष इंग्रजी शिकवत होता. मराठीतून.

"जागा रिकामी ठिऊन कसं चालंल?" पाटील म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. त्यांनी लगेच सरांचा आणखी एक सत्कार ठेवला, परदेशातून परतल्याबद्दल.

"पाटील, मी दिल्लीपर्यंतच गेलो होतो."

"आमी तितवर बी कुठं गेलोय? अन् मांडव काय, हुबाच हाय."

सर पुन्हा मला घालून बसले. या वेळी पाहुणे अगदी वेळेवर आले.

पुढच्या उन्हाळ्यात अर्धं गाव दुष्काळी कामावर होतं, आणि सरही. सगळ्यांपाशी चुंबळीला जुनं धोतर, फाटकं लुगडं होतं. सरांपाशी मी होतो. विजयाबाईंनी बाह्या आत दुमडल्या आणि मला गोल गुंडाळलं. पट्ट्यांचा तेवढा उपयोग झाला. त्यांनी गाठ घट्ट बसते.

शेजारी खडी फोडणाऱ्या केशरबाईंनी एकदा विचारलं, "मास्तर, तुमी जानार हुता त्या मुलखात बी लई दुष्काळ पडलाय म्हनं?"

"हो. पेपरात आलंय."

"मंग बरं झालं न्हाई गेलात ते. हितं निदान घमेलं वळखीचं हाय."

सरांनी मला डोक्यावर ठेवलं, माझ्यावर घमेलं ठेवलं आणि ते चालू लागले. काही बोलले नाहीत. मराठीतही नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणाला निरोप द्यायचा असेल तर आधी त्याला जाऊ द्या. नारळ मागाहून पाठवता येतो. आणि गरम कपडे नेहमी कोरड्या जागी ठेवावेत. हे सांगायची खरं तर गरज नाही. सध्या आमच्याकडे सगळीच जागा कोरडी आहे.