तोझरच्या गाडीतली जागा

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला नव्हता. वारणानगरच्या शाळेत भूगोल शिकवायला रोज कोल्हापूरच्या स्टँडवरून गाडी पकडायचे, पण रुमाल टाकून जागा धरणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर पाय देणं, असं त्यांचं तत्त्व. तत्त्वापायी माणूस वारणानगरपर्यंत उभा. मी सोबत असले की आधी खिडकीतून माझा टॉवेल आत जायचा आणि मागून मी. हे तोंड फिरवून उभे राहायचे, जणू या बाईशी आपली ओळखच नाही.

असा नवरा आणि अशी बायको निवृत्तीनंतर ट्युनिशियाला गेलो. कारण एकच. जन्मभर ह्यांनी फळ्यावर खडूने सहारा काढला, त्याच्या कडेचं ते मिठाचं अफाट सरोवर काढलं, आणि प्रत्यक्षात पाहिलं काहीच नव्हतं. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसला, तेव्हा दवाखान्यातल्या कॉटवर मला म्हणाले की ते मीठ एकदा पायाखाली घ्यायचंय. मला रडू आलं आणि रागही आला, इतकी वर्षं हे बोलला का नाहीत म्हणून. टूर कंपनीचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. मग आमच्या लेकीने, अस्मिताने, मोबाइलवर स्वस्तातल्या खोल्या शोधून दिल्या आणि आम्ही दोघंच निघालो, पाव खात आणि वडापने फिरत.

हो, वडापच. तिकडे त्याला लुआज म्हणतात. आठ जणांची व्हॅन, भरली की सुटते. फरक इतकाच की आपल्याकडे भरल्यावर आणखी चार कोंबतात, तिथे नववा माणूस घेत नाहीत.

वाटेत कैरुआन गावी ह्यांचं पोट बिघडलं आणि दोन दिवस खोलीतच गेले. गफ्साला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तोझर म्हणजे त्या सरोवराजवळचं गाव, आणि तिकडे जाणारी त्या दिवसाची शेवटची गाडी समोर उभी होती. ती चुकली तर मागे फिरायचं, कारण दुसऱ्याच रात्री ट्युनिसहून आमचं विमान होतं.

गाडीत दोनच जागा उरल्या होत्या आणि तिकिटं पलीकडच्या खिडकीवर मिळत होती. पैसे माझ्या कमरेच्या पिशवीत आणि फ्रेंच ह्यांच्या पुस्तकात, त्यामुळे दोघांनाही जाणं भाग. मी सवयीने टॉवेल एका सीटवर टाकला आणि शाल दुसऱ्या सीटवर. आतले लोक बघायला लागले.

"मीनाक्षी, काढ ते," हे म्हणाले. "हे कोल्हापूरचं स्टँड नव्हे. देशाची अब्रू आहे काही."

अब्रू राहील आणि गाडी जाईल, असं मी म्हणाले. पण ह्यांनी स्वतः आत हात घालून टॉवेल काढला, शाल काढली, दोन्हीची नीट घडी केली आणि आतल्या लोकांची मान लववून माफी मागितली. मागच्या सीटवर टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी हे सगळं टक लावून बघत होती.

तिकिटाच्या रांगेत पुढच्या माणसाचं बोलणं काही संपेना. तिकिटं हातात पडली तेव्हा दोन तगडे गडी पिशव्या घेऊन आमच्याच गाडीकडे जाताना दिसले. हे जागीच थांबले.

"गेलं, मीनाक्षी," म्हणाले. "फळ्यावर बघितलं तेवढंच आपलं."

मी चार शब्द ऐकवायच्या तयारीत होते, पण त्यांचा चेहरा बघून ते तसेच ठेवले. ओढतच त्यांना गाडीकडे नेलं.

तिथे भांडण चाललं होतं. ते दोघे दारात, ड्रायव्हर त्यांच्या बाजूने, आणि आत ती म्हातारी एकटी तिघांना पुरून उरत होती. एका सीटवर तिने आपली टोपली ठेवली होती आणि दुसरीवर अंगावरची पांढरी चादर पसरली होती. मी दिसताच माझ्याकडे बोट रोखून तिने ड्रायव्हरला काहीतरी ठणकावलं. मला अरबीचं अक्षर कळत नाही, पण हीच ती बाई म्हणून सांगत होती, एवढं कळलं. ते दोघे गडी आमच्या पिकल्या केसांकडे बघून हसले आणि बाजूला झाले.

"मावशी, लई उपकार झालं बघा तुमचं," मी म्हणाले. ती अरबीत बोलली, मी मराठीत, आणि तोझरपर्यंत आमचं झकास जमलं. हे मात्र मांडीवर टॉवेल-शालीची ती घडी घेऊन बसून होते.

पहाटे सरोवरावर ह्यांनी चपला काढल्या. पायाखाली मीठ करकरत होतं. वाकून चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "खारट आहे." जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढंच सुचलं आणि मग त्यांना रडू आलं. मी टॉवेल दिला.

परवा शाळेच्या कार्यक्रमाला वारणानगरला जायचं होतं. स्टँडवर गाडी लागली, झुंबड उडाली. मी टॉवेलसाठी पिशवीत हात घालते तोवर ह्यांनी खिशातला रुमाल काढून खिडकीतून आत फेकलासुद्धा. मी खुशीत चढले आणि बसायला गेले, तर म्हणाले, तिथे नको बसूस. गर्दीच्या मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी धक्के खात होती. हे दारातून ओरडले, "ओ मावशी, या की हिकडं. जागा धरलीया तुमची."

वारणानगरपर्यंत आम्ही दोघंही उभे. गुडघे ठणकत होते, पण मी काही तोंड फिरवलं नाही.