पालथा मग

श्रीरंग देवस्थळीनं एकाहत्तराव्या वर्षी पब विकत घेतला, तेव्हा मिशिगनच्या ट्रॉयमधल्या मराठी मंडळाला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. या वयात माणसं गुडघे बदलून घेतात, फ्लोरिडात घर बघतात, फार तर गीतेच्या क्लासला बसतात. हा गृहस्थ मात्र डेट्रॉइटबाहेरचा एक जुनाट इंग्लिश पब घेऊन बसला, आणि तोही डॉक्टरांनी बिअर बंद केल्यावर. कुणी म्हणालं, पेन्शन जास्त झालीय. कुणी म्हणालं, नातवंडं नाहीत ना, वेळ कसा जायचा. खरं कारण ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, आसावरीला. श्रीरंगनं पब घेतला होता एका मगासाठी, आणि तो मग होता राजीव खांडेकरचा.

पबचं नाव 'द ग्रे मेअर', म्हणजे करडी घोडी. पाटीवरची घोडी पहिल्या मालकाच्या बायकोनं स्वतः रंगवलेली. पाय शेळीचे आणि चेहरा एखाद्या चिडक्या मास्तरणीचा. मंडळातले लोक पबला नुसतं 'घोडी' म्हणत. शुक्रवारी काय करतोयस? घोडीत भेटू. नव्यानं पुण्याहून आलेल्या पोरांना याचा अर्थ कळायला महिना लागे.

ही घोडी मांडली अल्बर्ट प्लम नावाच्या इंग्रजानं, पंच्याहत्तर साली. हा कॉव्हेंट्रीचा, मोटारींच्या कारखान्यात हत्यारं बनवणारा. डेट्रॉइटला नोकरीसाठी आला आणि इथली थंडगार, पाण्यासारखी बिअर पिऊन इतका वैतागला की त्यानं नोकरीच सोडली आणि एका लाँड्रीशेजारचा गाळा घेतला. आत काळसर लाकूड ठोकलं, डार्टबोर्ड टांगला, आणि बारच्या मागं एक लांबलचक फळी बसवली. रोजच्या गिऱ्हाइकाला अल्बर्ट त्याच्या नावाचा मग द्यायचा. तो मग त्या फळीवर उभा राहायचा आणि दुसऱ्या कुणी त्याला ओठ लावायचा नाही.

माणूस गेला की त्याचा मग त्याच फळीवर पालथा घातला जाई. पण असा कसाही नाही. जवळच्या मित्रानं त्यातून शेवटची बिअर प्यायची, गेलेल्याबद्दल एक तरी चांगली गोष्ट सर्वांसमोर सांगायची, आणि मग पालथा घालायचा. अल्बर्ट तेव्हा पितळी घंटा एकदा वाजवी आणि सगळे उभे राहत. जिवंतपणी वाटेल तेवढ्या शिव्या घाला, तो म्हणायचा, पण मग पालथा घालताना चांगलं बोलायचं.

श्रीरंग आणि राजीव इथं पहिल्यांदा आले ते बिअरसाठी नव्हे, चहासाठी. दोघे सांगलीला एका वर्गात शिकलेले, एका खोलीत राहिलेले आणि आता मोटारींचे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीत इंजिनिअर. त्या काळात या भागात दूध घातलेला कडक चहा मिळायचा तो फक्त अल्बर्टकडे. चहावरून बिअरवर जायला पोरांना फार दिवस लागले नाहीत. अल्बर्टनं दोघांना मग दिले. श्रीरंगचं पूर्ण नाव गोऱ्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्याच्या मगावर नुसतं 'श्री' आलं. राजीवला तर मगाचं भारी कौतुक. हॉस्टेलवरसुद्धा कुणाच्या भांड्याला ओठ लावायचा नाही, वरून पाणी प्यायचा, उष्ट्याचा त्याला मनस्वी विटाळ. "रंग्या," तो म्हणायचा, "हे साहेब लोक सोवळं पाळतात बघ आपल्यासारखं."

ब्याऐंशी साल उजाडलं आणि सगळं नासलं. जपानी गाड्या धडाधड खपत होत्या, डेट्रॉइटचे कारखाने बंद पडत होते. घोडीत बसणारे निम्मे लोक घरी बसले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी श्रीरंगनं जपानी गाडी घेतली.

मूर्खपणाच तो. पण हा मूर्खपणा फक्त आपल्याच माणसाला सुचू शकतो. गाडी दिसते कशी, पळते कशी, शेजारी काय म्हणतील, यातलं काहीएक न बघता आपण पहिला प्रश्न विचारतो: ॲव्हरेज किती देते? दोघांनी रविवारभर बसून गणित मांडलं होतं. शोरूममध्ये राजीवच पुढं होता, राजीवनंच घासाघीस केली. "तू घे आता, मी पुढल्या महिन्यात घेतो," असंही म्हणाला.

गाडी घेतल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी श्रीरंग घोडीत शिरला आणि आतला गलका एकदम थांबला. राजीव बारपाशी उभा होता. त्याच्या हातात श्रीरंगचा मग होता. भोवती नोकरी गेलेली माणसं, लाल झालेले चेहरे. राजीवनं श्रीरंगकडं पाहिलं, त्या मगाला ओठ लावले आणि सगळी बिअर पिऊन टाकली. ज्याला उष्ट्याचा विटाळ, त्या राजीवनं. नंतर इंग्रजीत म्हणाला, "गाडी मात्र सरळ लावायचा बिचारा. एवढं म्हणायलाच हवं." आणि मग पालथा घातला. हसून हसून लोकांनी टेबलं बडवली. अल्बर्ट मान खाली घालून ग्लास पुसत राहिला. त्याच्या मुलीनं, जूननं, तेवढं तोंड फिरवलं.

श्रीरंग हातात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. दोन मिनिटांनी तो घरी गेला आणि पुढं चाळीस वर्षं त्यानं त्या दारात पाऊल टाकलं नाही.

आता कुणी म्हणेल, थट्टाच ती. पण त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळ एका चिनी वंशाच्या तरुणाला जपानी समजून याच रागातून मारून टाकलं होतं. श्रीरंगच्या गाडीच्या काचा दोनदा फुटल्या. आसावरी रोज संध्याकाळी तो येईपर्यंत खिडकीत उभी असायची. पहिल्या छाटणीत त्याची नोकरी गेली, राजीवची राहिली. नोकरी काय, दुसरी मिळाली. पण जिवंत माणसाचं श्राद्ध त्याच्यासमोर घालणारा हात कुठल्या परक्याचा नव्हता. केसानं गळा कापतात तो असा.

राजीवनं पुढं अमेरिकन गाडी घेतली आणि त्याचं सगळं छान झालं. व्हाइस प्रेसिडेंट झाला, मंडळाचा अध्यक्ष झाला, दर गणपतीत व्यासपीठावरून "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं गळा भरून सांगू लागला. श्रीरंग समोरच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचा. दोघे भेटत, तब्येतीची चौकशी करत, एकमेकांच्या घरची श्रीखंड-पुरी खात. त्या संध्याकाळबद्दल राजीव कधी अवाक्षर बोलला नाही. श्रीरंगला एकच वाक्य ऐकायचं होतं, आणि ते न बोलता राजीव म्हातारा झाला.

घोडीचंही वय होत गेलं. अल्बर्ट गेला, त्याचा मग पालथा झाला, जून गल्ल्यावर आली. मोठाले टीव्ही आले. सिगारेटबंदी आली आणि लाकडाचा खरा रंग लोकांना पहिल्यांदा दिसला. मंदीत अर्धी फळी पोरकी झाली. काही मेले, काही नुसतेच निघून गेले, पण निघून गेलेल्यांचे मग जूननं उभेच ठेवले. शेवटी कोविडनं कंबर मोडली आणि तिनं पब विकायला काढला. ही बातमी राजीवनंच मंडळाच्या ग्रुपवर टाकली, रडक्या चेहऱ्यासकट. श्रीरंगनं दुसऱ्या दिवशी जूनला फोन केला.

कागदांवर सह्या झाल्यावर त्यानं आधी फळी पाहिली. 'श्री' तसाच पालथा होता, कडेला धूळ घट्ट बसलेली. चार हात पलीकडं राजीवचा मग ऐटीत उभा होता. त्यानं दोन्हींना हात लावला नाही. जूनला मात्र कामावर ठेवून घेतलं.

नव्या मालकाला भेटायला राजीव पहिल्याच आठवड्यात हात पसरून आला. "रंग्या, लेका, आपलीच घोडी झाली की!" म्हणाला आणि त्या पालथ्या मगाच्या बरोबर खाली बसून पाइंटभर बिअर प्यायला.

"अहो, सोडून द्या आता," आसावरी म्हणायची. "काय राहिलंय त्यात? दोघांची वयं बघा."

"त्यानं सगळ्यांसमोर केलं. सगळ्यांसमोर कबूल करू दे. त्याच्या हातानं माझा मग उभा करू दे. मी त्याला मिठी मारीन, घरी आणून जेवू घालीन."

"आणि नाही केलं तर?"

श्रीरंग पेपर उघडून बसला. "पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून तिनं कुकर लावला. पण तीही काही विसरली नव्हती. नंतर हळूच म्हणाली, "एक संधी द्या मात्र. एकच."

घोडीला पन्नास वर्षं झाली तो रविवार ठरला. दुपारी सगळं मंडळ आलं, अल्बर्टच्या वेळचे दोन-चार पांढरे म्हातारे काठ्या टेकत आले. फिश अँड चिप्सच्या शेजारी बटाटेवड्यांचं ताट होतं. राजीव पहिल्या टेबलावर, लाल स्वेटरमध्ये. सोबत मुलगा निहार आणि बारा वर्षांची नात इशिता. ती श्रीरंगला 'पब आजोबा' म्हणायची. नाव तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"घोडीवाले काका, हिस्टरी सांगा ना पबची," अमेय नावाचा एक आयटीवाला ओरडला. "अर्ध्या लोकांना काहीच माहीत नाहीये यार."

श्रीरंग याचीच वाट बघत होता. तो बारमागं उभा राहिला आणि फळीच्या डाव्या टोकापासून सांगू लागला. मगामागून मग. हा वॉल्टर, घोड्यांच्या शर्यतीत सगळं हरायचा आणि शेजाऱ्यांचा बर्फ मात्र फुकट उपसून द्यायचा. हा डेनिस, ह्यानं डार्ट मारून अल्बर्टच्या टोपीला भोक पाडलं होतं. लोक हसत होते. एकेक मग संपत होता आणि श्रीरंग सावकाश पुढं सरकत होता. राजीवनं दोनदा कानातलं यंत्र नीट केलं. ऐंशी साल आलं तसा तो फोनमध्ये बघू लागला. त्याला घाम फुटलेला पाहून श्रीरंगला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

'श्री'पाशी पोचल्यावर तो बोलायचा थांबला. उरलेलं राजीवनं सांगावं, म्हणून थांबला. घोडी गप्प झाली.

इशिताला ती शांतता सहन झाली नाही. तिनं राजीवचा हात ओढून बोट दाखवलं. "आजोबा, व्हॉट अबाउट दॅट वन? श्री? यू न्यू हिम? हाउ डिड ही डाय?"

सगळ्यांनी राजीवकडं पाहिलं. जूनच्या हातातलं फडकं थांबलं. आसावरी कोपऱ्यात उभी होती, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. देवाशपथ, त्या क्षणी श्रीरंगला सूड नको होता. राजीवनं नुसतं "मीच केलं तसं, बेटा" एवढं म्हटलं असतं, तरी तो बार ओलांडून जाऊन त्याच्या गळ्यात पडला असता.

राजीवनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हार्ट अटॅक, बेटा," तो म्हणाला. "व्हेरी सॅड. फार चांगला मित्र होता माझा."

अल्बर्टच्या वेळचा एक म्हातारा खोकला. दुसऱ्यानं नजर टेबलाकडं वळवली.

श्रीरंगनं हात वर केला आणि राजीवचा मग खाली घेतला. नळाखाली धरून गच्च भरला. डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते आसावरी ओठांवर आणून परत गिळून बसली. त्यानं मगाला ओठ लावले आणि शेवटच्या थेंबापर्यंत बिअर संपवली. समोर इशिता तोंड उघडं टाकून बघत होती. पोरीचा चेहरा पाहून त्याचा हात क्षणभर अडखळला, पण थांबला नाही.

"गाडी मात्र सरळ लावायचा बिचारा," तो इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एवढं म्हणायलाच हवं."

आणि त्यानं राजीवचा मग 'श्री'च्या शेजारी पालथा घातला.

अमेयला वाटलं, विनोद असेल, म्हणून तो हसला आणि एकटाच हसतोय हे बघून गप्प झाला. जूननं श्रीरंगकडं पाहिलं. त्या संध्याकाळी तिनं तोंड फिरवलं होतं. या वेळी ती पुढं झाली आणि तिनं बापाची पितळी घंटा एकदा वाजवली. ते दोन-चार पांढरे म्हातारे काठीवर भार देत उठले. त्यांचं बघून मंडळ उठलं, निहारही गोंधळून उठला. राजीव खांडेकर तेवढा बसून राहिला, आणि बाकी सगळे त्याच्यासाठी उभे होते.

"रंग्या," राजीवचा आवाज फाटला, "अरे, हे काय करतोयस? मी जिवंत आहे अजून!"

"मीपण होतो," श्रीरंग म्हणाला.