ऑगस्टचा भाव

भावाच्या बाबतीत एफ्तालीला गंडवणारा माणूस अख्ख्या कोर्चा गावात अजून जन्मला नव्हता. हे तिचं स्वतःचं मत होतं, आणि ते बोलून दाखवायला ती कधी लाजली नाही. सालोनिकमध्ये वीसेक वर्षं ग्रीकांच्या घरची झाडलोट करून ती दर ऑगस्टला बसने घरी यायची. बस सीमेवर थांबली की निम्मे प्रवासी युरो बदलायला खिडकीपाशी धावायचे. एफ्ताली उतरायची ती पाय मोकळे करायला आणि रांगेतल्यांना शहाणपण शिकवायला.

"अरे बाबांनो, सीमेवरचा भाव हा अडलेल्याचा भाव असतो! घरी जा, हातपाय धुवा, कॉफी प्या, मग चार दुकानं फिरा. आणि एक लक्षात ठेवा. आपल्याला गरज आहे हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. गरज दिसली की मेलात."

लोक हसायचे, पण दोघं-तिघं रांगेतून बाहेरही पडायचे. एफ्तालीचा शब्द होता तो.

या ऑगस्टला तिच्या कमरेच्या पिशवीत दहा हजार तीनशे युरो होते, आणि ते बापाच्या बागेसाठी होते. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी सफरचंदाची ती लहानशी बाग. एफ्ताली पहिल्यांदा ग्रीसला निघाली तेव्हा डोंगरातून पलीकडे नेणाऱ्या वाटाड्याला द्यायला घरात दमडी नव्हती. बापाने बाग शेजारच्या हुस्नीला विकली आणि पोरीला वाटेला लावलं. पुढे म्हातारा दर सप्टेंबरला फोनवर एकच सांगायचा, "हुस्नीकडे यंदा सफरचंदं लाल लागलीत गं." तो गेला, तरी ते वाक्य काही एफ्तालीच्या कानातून गेलं नाही. बाग परत घ्यायची म्हणजे घ्यायचीच, मग जीव गेला तरी बेहत्तर.

ईस्टरला घरी आली तेव्हा तिने हुस्नीकडे सौदा पक्का केला होता. हुस्नी म्हणाला, "दहा हजार युरो दे आणि घे." आमच्याकडे जमिनीचा भाव युरोतच बोलतात. पण एफ्ताली कसली ऐकते! युरो तेव्हा आमच्या चलनात एकशे पाच लेकला होता आणि रोज चढत होता. तिने मनात म्हटलं, आज लेकमध्ये ठरवू, ऑगस्टपर्यंत युरो एकशे दहाला जाईल, आपले चार पैसे वाचतील.

"नको काका, परक्याचा पैसा कशाला? आपल्या पैशात बोला. दहा लाख पन्नास हजार लेक."

हुस्नीने "बरं" म्हणून हात पुढे केला. पंधरा ऑगस्टच्या, मेरीमातेच्या सणाच्या आत पैसे द्यायचे असं ठरलं. तिरानाचा एक गबर माणूस पाहुण्यांसाठी घरं बांधायला त्याच बागेवर डोळा ठेवून होता, पण हात दिला म्हणजे दिला. मुदत टळली तरच हुस्नी मोकळा होणार होता.

तर अशी ही हुशार बाई घरी पोचली, हातपाय धुतले, कॉफी प्यायली आणि चालत चालत बाजारात लेफ्तेरच्या दुकानी गेली. लेफ्तेर म्हणजे नोटा बदलून देणारा, एक खिडकी आणि एक खुर्ची एवढ्याच भांडवलावर पोट सुटलेला गडी.

"काय भाव, लेफ्तेर?"

"शंभर."

"शंभर कसले?"

"शंभर लेकला एक युरो. ऐकू येत नाही का ताई?"

एफ्तालीने चेहऱ्यावर सुरकुती उमटू दिली नाही. "थट्टा करतोस माझी? ईस्टरला एकशे पाच होता!"

"ईस्टरला बाकी सगळे तिकडेच होते. आता बघ, ग्रीस रिकामा झाला, इटली रिकामी झाली, सगळे लग्नाला नि समुद्राला घरी आले. ज्याच्या त्याच्या खिशात युरो आणि जो तो माझ्या दारात. जिथे पिकतं तिथे विकत नाही, ताई."

"आणि विकतोस कितीला?"

"एकशे तीनला."

"मध्ये तीन लेक गिळतोस? ढेकर तरी येतो का रे तुला?"

"पोराबाळांचा माणूस आहे मी," लेफ्तेर म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती चार दुकानं फिरली. शंभर, शंभर, नव्व्याण्णव, आणि एका टिनपाटाने तर अठ्ठ्याण्णव म्हणायची हिंमत केली. शंभरने बदलले तर दहा लाख तीस हजारच येणार होते. वीस हजार लेक कमी! बरं, युरो वर जाण्याची वाट बघावी तर सण पाच दिवसांवर.

घरी नवऱ्याने, पांदीने, सगळं ऐकून घेतलं. तो पालक भरून भाजलेल्या लाक्रोरचा तुकडा चघळत होता, आणि असल्या वेळी गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"युरोत ठरवली असतीस तर आज बाग आपली असती. वर तीनशे युरो उरले असते. पण आमची मंडळी पडली हुशार! अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

"तू लाक्रोर खा. बैलाचं मी बघते."

"हुस्नीकाकाला सांग की थोडं सांभाळून घे म्हणून. माणूस चांगला आहे."

"मी? हात पसरू? लोक काय म्हणतील, एफ्ताली भावात बुडाली म्हणतील!" तिने ताट आदळलं. उसने मागावेत तर तेच. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. बापाची बाग आणि आपली ऐट, दोन्ही एकदम हातची जातात की काय, ही धाकधूक काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लेफ्तेरकडे गेली, भांडायलाच. तिच्या पुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या खांद्याला पोरीचं पोहायचं कडं लटकत होतं. ग्रीसच्या समुद्रावर आठवडाभर सुट्टीला निघाले होते, आणि लेफ्तेर त्यांना एकशे तीनने युरो मोजून देत होता.

एफ्ताली जागच्या जागी थांबली. अगं बाई! मी शंभरने विकायला आलेय, हे एकशे तीनने विकत घेतायत, आणि मध्ये हा ढेरपोट्या बसलाय. मग मध्ये बसायचंच कशाला कोणी? भांडण तसंच टाकून ती मागे फिरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसथांब्यावर हजर. ग्रीसला जाणाऱ्या गाड्या तिथूनच सुटतात, आणि ऑगस्टमध्ये त्या खच्चून भरलेल्या असतात.

"समुद्रावर निघालात? युरो हवेत? लेफ्तेरकडे एकशे तीन, माझ्याकडे एकशे दोन!"

लोक आधी बिचकले. एक जाडगेली बाई नोट उन्हात धरून बघायला लागली. "खोटी तर नाही ना गं?"

"खोटी? अहो, ग्रीकांच्या न्हाणीघरांच्या फरश्या घासून मिळवलीय! ती बघा तिकिटाची खिडकी. तिथे नोटा तपासायचं यंत्र आहे, घाला त्यात. आणि मी पळून कुठे जाणार? पांदी सुताराची बायको मी, सगळं गाव ओळखतं."

बाईने यंत्रात घालून बघितली, खरी निघाली. मग बाईच्या बहिणीने घेतले, तिच्या मागच्या दंतवैद्याने घेतले. एफ्ताली तिथेच सुटकेसवर ठाण मांडून बसली आणि सगळ्यांना फुकटचे सल्लेही देत राहिली, की तिकडे कार्डाच्या यंत्राने 'तुमच्या पैशात घेऊ का' विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच तुम्हाला कापतील.

तिसऱ्या सकाळी लेफ्तेर तणतणत आला. गिऱ्हाइकं का आटली, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

"पोटावर पाय देतेस काय माझ्या? मी परवाना काढलाय, भाडं भरतो!"

"मग मला एकशे दोन दे. आत्ता उठते."

"एकशे दोन दिले तर मी काय खाऊ?"

"कमी खा. डॉक्टरही तेच सांगतील."

सगळा थांबा हसला. लेफ्तेरही मिशीतल्या मिशीत हसलाच, पण जाताना म्हणाला, "कधीतरी तुझाही भाव कुणी पाडेल, ताई."

तिसऱ्या सकाळच्या शेवटच्या गाडीला तिची शेवटची नोट गेली. दहा लाख पन्नास हजार सहाशे लेक! वरचे सहाशे तिने कॉफीसाठी वेगळे काढले आणि पांदीला फोन केला. "बैल भरून आणलाय. जेवायला थांब."

दुपारी नोटरीकडे सह्या झाल्या. हुस्नीने पैसे मोजून पिशवीत भरले, एफ्तालीने कागद छातीशी धरला. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. बाहेर येऊन दोघं कॉफीला बसली. बिलासाठी दोघांची झोंबाझोंबी झाली आणि ती एफ्तालीने जिंकली.

हुस्नी कॉफीच्या कपाशी चाळा करत बसला होता. मग हळूच म्हणाला, "एफ्ताली, एक विचारू? लेफ्तेर बरा की त्याच्या शेजारचा? युरो घ्यायला म्हणतोय मी."

"तुम्हाला कशाला युरो, काका?"

"लेकीकडे जातोय, जर्मनीला. कायमचाच. तुझी आयमाने काकू गेल्यापासून घरात भिंतींशी बोलायची वेळ आलीय. आता तिकडे ही पिशवी कोण घेणार? सगळ्याचे युरो करायचेत."

एफ्तालीचा कप हातातच राहिला. तिने पटकन हिशेब मांडला. तिचे युरो सरळ याला दिले असते तर? तीच रक्कम, त्याच एकशे दोनने. तीन दिवस सुटकेसवर घसा कोरडा केला आणि युरो हवे असलेला माणूस कुंपणापलीकडे बसला होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि आता लेफ्तेरकडे जाऊन म्हातारा शंभर युरो उगाच घालवणार.

"अहो, मग बोलला का नाहीत? माझी पिशवी भरलेली होती युरोंनी!"

"बोललो होतो की. ईस्टरला मी युरोतच मागितले. तू नको म्हणालीस."

"पण आता? या चार दिवसांत?"

म्हाताऱ्याने नजर खाली घातली. "भीती वाटली तुझी. मला युरो हवेत हे तुला कळलं असतं, तर ते तू एकशे पाच-सहाने माझ्या गळ्यात मारले असतेस. राग मानू नकोस. गावात सगळेच म्हणतात, एफ्तालीला गरज दाखवू नये."

एफ्तालीने कप खाली ठेवला. मारले असते का तिने? तिने स्वतःला विचारलं. हो, मारले असते. या म्हाताऱ्याच्या गळ्यात, ज्याने तिच्या बापाची झाडं एवढी वर्षं पाणी घालून जगवली, त्याच्या गळ्यात तिने हसत हसत मारले असते, आणि घरी जाऊन पांदीला फुशारकीने सांगितलंही असतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"काका," ती म्हणाली, "लेफ्तेरकडे पाऊल टाकायचं नाही. उद्या सकाळी पिशवी घेऊन बसथांब्यावर या."

"आणि तुला त्यात काय?"

"मला सफरचंदाची झाडं कशी छाटायची ते जायच्या आधी शिकवा. बस."

सणाच्या सकाळी सालोनिकहून येणाऱ्या गाड्या एकामागून एक लागत होत्या, प्रत्येक खिशात युरो. लेफ्तेरही थांब्यासमोर कॉफी घेऊन उभा होता, मजा बघायला. हुस्नी पिशवी पोटाशी धरून अवघडून उभा राहिला होता. पहिल्या गाडीचं दार उघडलं तशी एफ्ताली सुटकेसवर चढली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"मंडळी, लेफ्तेर शंभर देतो, आम्ही एकशे दोन देतो! या काकांना युरोंची गरज आहे!"

"वेडी झालीस काय?" लेफ्तेरने तिथूनच हाक दिली. "गरज कुणी अशी ओरडून सांगतं? आता एकशे पाच मागतील!"

"मागू देत. सांगायला तर हवं."

गाडीतून एक उंच तरुण उतरला. त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि हुस्नीकडे पाहिलं. "कुठे निघालात, काका?"

"लेकीकडे," हुस्नी म्हणाला.

तरुणाने पाकीट काढलं. "एकशे दोन ना? मोजा."